वॉर्मर नको, पडदे द्या
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचच्या निधीतून डोंगरी भागातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला नवजात बाळांचा वॉर्मर द्यावा, अशी सूचना आली आहे. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये गेली, आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका म्हणून. त्यामुळं यावर बोलायला मला उभं केलंय. सूचना मनापासूनची आहे, पण मी तिच्या विरोधात बोलणार आहे. राग मानू नका.

आधी चांगलं ते सांगते. आपल्यापैकी कितीतरी जण घरातच, सुईणीच्या हातावर जन्मले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई गावोगाव फिरू लागल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत झालं. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये एक लाख जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. कोल्हापूर शहरात खासगी दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण गगनबावड्याच्या वाडीवरल्या बाईला सरकारी दवाखानाच जवळचा, आणि अडलं तर सीपीआर.

बाई दवाखान्यापर्यंत पोचली. दाराच्या आत तिचं काय होतं, हा पुढचा प्रश्न. त्यासाठीच केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आणला. टेबलाभोवती पडदा हवा, कळांच्या वेळी घरची एक बाई सोबत हवी, बाळ तासाभरात अंगावर पाजायला घ्यावं, बाळंतिणीवर कुणी ओरडू नये, हात उगारू नये. हात उगारू नये, हे सरकारला लिहावं लागलं! मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रात्रपाळीला एकच सिस्टर, तीन बायका कळा देताहेत, एकीची वार पडलेली नाही, दुसरीला रक्तस्राव. अशा वेळी तोंडातून शब्द जातो. समर्थन नाही करत, कारण सांगते. पाठ चोळायला सोबत कुणी असलं की निम्मी आरडाओरड थांबते. पण मध्ये पडदा नसेल तर एकीची सासू दुसरीच्या टेबलाशेजारी कशी उभी करणार?

आता वॉर्मर. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात अंबू बॅग लावायची, तेव्हा तो लागतोच. पण तो देणं शासनाचं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो असतोही. देणगीच्या वॉर्मरचं काय होतं, ते सांगते. मी होते तिथं एक आला होता, देणगीदारांच्या नावाच्या पितळी पाटीसकट. वर्षभरात बाळाच्या त्वचेला लावायच्या सेन्सरची वायर तुटली. दुरुस्तीचा करार नव्हता. पुढं त्यावर फायली ठेवायचो. यंत्र दिलं की त्याची देखभाल, वायरिंग आणि रात्री लक्ष ठेवणारं माणूसही लागतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ती बातमी ऐकली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

कमी वजनाच्या बाळाला ऊब द्यायला आईची छाती पुरते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर कमी पडत होते, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये तर जन्मल्याबरोबर ती सुरू करा म्हणून सांगितलं. यासाठी आईनं तासन्‌तास बाळ छातीशी घेऊन बसायचं असतं. पण समोर दुसरीचे पुरुष नातेवाईक येजा करत असताना कुठली पोर ब्लाउज उघडून बसेल? आणि बसायला असतं ते लोखंडी स्टूल. ताजी बाळंतीण त्यावर दहा मिनिटंसुद्धा बसू शकत नाही.

म्हणून मागते ते असं: लेबर रूमला आणि वॉर्डाला जाड, धुता येणारे पडदे, रॉडसकट. मागं रेलता येतील अशा हाताच्या खुर्च्या. पुढून उघडणारे सैल गाऊन, बाळांना टोपडी आणि मोजे. सोबत येणाऱ्या बाईसाठी टेबलाजवळ एक साधी खुर्ची. पाटी लावायला यात जागा नाही, हे खरं.

आपल्यात दोघं फर्निचरवाले आहेत, शिवण चालवणाऱ्या चौघी तरी आहेत. चहाच्या वेळी मला भेटा. दोन किलोच्या बाळाच्या टोपड्याचं माप मी कागदावर काढून आणलंय.