एकही वाक्य आठवत नाही

कसे आहात? मजेत ना?

हे विचारलं की समोरचा "एकदम मजेत" म्हणतो. मीही म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला मी बाईक घेतली. बारावीपासून डोक्यात होती. शोरूमबाहेर हार, नारळ, पेढे, स्टेटसला फोटो. चार दिवस खिडकीतून नुसता तिच्याकडे बघत होतो. आणि दिवाळी यायच्या आत ती नुसती गाडी झाली. हप्ते मात्र ३६ महिन्यांचे!

त्या दिवाळीत गावी गेलो. संध्याकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसून बोलत होते. चांगला तास-दीड तास. मी शेजारीच. तोंडानं "हो आबा, हो आबा" आणि फोनवर त्याच बाईकच्या पुढच्या मॉडेलचे रिव्ह्यू. महिनाभरात आबा गेले. त्या दीड तासातलं मला एकही वाक्य आठवत नाही.

हे फार टोचलं. मग वाचताना एक प्रयोग सापडला. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी तो मांडला. साधन कोणतं? फोनच! २,२५० माणसं. दिवसात कधीही आयफोन वाजायचा आणि विचारायचा: आत्ता कसं वाटतंय? काय करताय? मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. एक काम सोडलं तर बाकी सगळ्याच कामांत ते बऱ्यापैकी भटकत होतं. ते एक काम कोणतं, तुम्हीच ओळखा. आणि मन भटकत असताना माणसं एकूण कमी आनंदी होती. मनात छान विचार असले तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटत नव्हतं. माणूस काय करतोय यापेक्षा मन कुठे आहे, यावरून त्याचा आनंद जास्त कळत होता.

आतला आनंद म्हणजे डोळे मिटून बसल्यावर काहीतरी भारी दिसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आत म्हणजे आपलं लक्ष. बाकी सगळं हप्त्यावर.

थांबा, एक मात्र आहे. ज्याच्या खोलीचं भाडं थकलंय त्याला "आनंद आत शोध" असं सांगू नका, प्लीज. त्याला आधी पैसे लागतात. आणि आठवडेच्या आठवडे उठावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जा.

मी सुरुवात भांडी घासण्यापासून केली. दोन ताटं होईपर्यंत मन ऑफिसात चक्कर मारून यायचं. चिडायचं नाही, गुरं वळवतात तसं वळवून आणायचं. अजूनही रोज वळवतोय.

मागच्या महिन्यात गावी गेलो. आजी तांदूळ निवडत होती. फोन आत चार्जिंगला लावला, तिच्यासमोर बसलो आणि खडे काढू लागलो. खूप दिवस मनात होतं ते विचारलं, "आजी, त्या दिवाळीत आबा माझ्याशी काय बोलत होते गं?"

"विहिरीचंच असेल. दुसरं काय होतं त्यांच्याकडं!"

आम्ही दोघं हसलो. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि विहीर खणली त्या उन्हाळ्यापासून सांगायला सुरुवात केली.

चला, भेटू पुढच्या भागात.