नागीण : समज आणि उपचार



दिवाळी सरली की नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे उसतोडीसाठी दक्षिण गुजरातची वाट धरतात. तापीकाठचे कामरेज, बारडोली आणि सुरत जिल्ह्यातील ऊसपट्टा ही पुढील काही महिने त्यांची कर्मभूमी असते. पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या मजुराच्या बरगडीखाली एकाएकी आग होऊ लागली, तर ती उसण समजून दुर्लक्षिली जाते. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी लाल पट्टा उमटतो, त्यावर पाणीदार फोडांचे घोस येतात आणि खोपीत कुजबुज सुरू होते, "नागीण उठली !"

या नावामागे मोठी भीती दडलेली आहे. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले की रोगी दगावतो, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. म्हणून कोणी गेरू लावतो, कोणी दूर्वा व तांदूळ वाटून लेप देतो, कोणी मांत्रिकाकडे धाव घेतो. नागीण बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते. श्रेय मात्र लेपास व मंत्रास मिळते.

वस्तुतः या रोगाचा सर्पाशी काहीही संबंध नाही. बालपणी येणाऱ्या कांजिण्यांचा विषाणू हाच नागिणीचा जनक होय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. वार्धक्य, मधुमेह, दीर्घ आजार वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती उणावली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी 1965 मध्ये आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून हीच उपपत्ती मांडली होती.

प्रत्येक मज्जातंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूस, मध्यरेषेपर्यंत असते. त्यामुळे नागिणीचा पट्टाही बहुधा मध्यरेषेशी थांबतो. तोंड व शेपूट मिळण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. पुरळ दोन्ही बाजूंस किंवा अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती फार क्षीण झाल्याचा तो इशारा समजावा व रोग्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

खरा धोका निराळाच आहे. पुरळ सुकल्यानंतरही मज्जातंतूंची वेदना कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे छळत राहते. उतारवयात तिचा संभव अधिक. कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही, झोप उडते, कामाची उमेद जाते. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास दृष्टीस अपाय होऊ शकतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

या रोगावर औषध आहे. अॅसायक्लोव्हिर किंवा तत्सम विषाणुरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास फोड लवकर सुकतात व आजाराची तीव्रता घटते. प्रौढांस अॅसायक्लोव्हिर सामान्यतः 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते. म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. तीन दिवस उलटले म्हणून जाणे मात्र टाळू नये. नवे फोड येत असतील तर तेव्हाही औषध देता येते. वेदनेवरही उपचार आहेत. फोड फोडू नयेत, जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे वापरावेत.

नागीण एकाची दुसऱ्यास होत नाही. मात्र फोडांतील पाण्यामुळे, ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत पुरळ झाकावे आणि गर्भवती, तान्ही बालके व दुर्बल रोगी यांच्यापासून दूर राहावे. रोग्यास वाळीत टाकण्याचे कारण नाही. तरुण वयात नागीण झाल्यास डॉक्टर रक्ततपासणी सुचवितात, ती एच.आय.व्ही.साठीही असू शकते. तीस संकोच न करता संमती द्यावी. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी दोन मात्रांची प्रतिबंधक लस 2023 पासून भारतात मिळू लागली. ती महाग आहे, तरी ज्यांना शक्य असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

घरापासून दूर, परमुलखात असलेल्या मजुरास एका दिवसाची मजुरी बुडणे जड जाते. याच कारणाने पहिले तीन दिवस हातचे जातात. मुकादमाने रोग्यास त्याच दिवशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावे. गाव सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्तींनी ही माहिती कुटुंबांना द्यावी. शिक्षकांनी ती मुलांच्या मुखी घालावी, म्हणजे ती आजी-आजोबांपर्यंत पोहोचेल. तोंड-शेपटाची चिंता सोडून 72 तासांची चिंता वाहिली, तर अनेकांच्या आजाराची तीव्रता घटेल.