फळी का वाकते?

नवा पाट घरी येतो आणि उन्हाळा लागताच जमिनीवर डुगडुगू लागतो. मग आपण सुताराला बोल लावतो. आज आम्हाला त्या सुताराची थोडी वकिली करावयाची आहे. पुष्कळदा अपराध त्याचा नसतो. ओंडका चिरला कसा, यात तो दडलेला असतो.

ओले लाकूड सुकताना आखडते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते सगळीकडे सारखे आखडत नाही. लांबीत तर जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे ते जितके आखडते, त्याच्या सुमारे दुप्पट वलयांच्या वळणाने आखडते. सारे भांडण येथेच आहे! ओंडक्यावर एकामागून एक समांतर चिरा घेत गेले, म्हणजे कडेच्या फळ्यांत वलये आडवी येतात. अशा फळीचे सालीकडचे अंग गाभ्याकडच्या अंगापेक्षा जास्त आखडते आणि फळी त्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट होते. उलट, ओंडक्याचे आधी चार उभे भाग करून गाभ्याकडून सालीकडे फळ्या पाडल्या, तर वलये फळीच्या जाडीत उभी राहतात. ही फळी रुंदीत कमी आखडते आणि दोन्ही अंगांनी सारखी आखडते. मग ती वाकेल कशाला? मात्र फळ्या अरुंद निघतात, लाकूड वाया जाते, मजुरी वाढते. म्हणून वखारवाला पहिली रीत धरतो. त्याला लोभी म्हणून मोकळे होता येणार नाही. रुंद आणि स्वस्त फळी मागणारे आपणच ना?

शिवाय उभ्या झाडाच्या अंगातच ताण असतो. बाहेरचे थर ओढीत, आतला गाभा दाबात. निलगिरीत हा प्रकार फार. एकाच बाजूने फळ्या काढीत गेले, तर तोल बिघडून उरलेला ओंडकाच धनुष्यासारखा वाकतो आणि पुढची फळी कोठे जाड, कोठे पातळ उतरते. जाणता करवतकरी ओंडका उलटून समोरासमोरच्या अंगांनी आळीपाळीने फळ्या काढतो, आणि ऐन गाभ्याची पट्टी बाजूला टाकतो, ती तडकायचीच.

पुढे सावलीत थप्पी लावावी, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक ओळंब्यात ठेवाव्या, टोकांना रंग फासावा, वर वजन द्यावे. सुताराने रंधा मारताना दोन्ही अंगे सारखी उतरवावी.

वखारीत गेलात, तर फळीच्या रुंद अंगावरची सुंदर नक्षी घटकाभर विसरून तिचे टोक पाहा. तेथे वलये उभी दिसली, तर दोन पैसे जास्त पडले तरी तीच उचला.