गिझरच्या पाटीवरचे आकडे

घरातल्या गिझरच्या पाटीवर बहुधा २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं असतं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. म्हणून २००० ला २३० ने भागलं की प्रवाह मिळतो, सुमारे ८.७ अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो झेपणारा नाही. गिझरला सोळा अँपिअरचंच सॉकेट हवं.

आता रोध. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे व्होल्टला अँपिअरने भागायचं. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६ ओहम. हा कॉइलचा रोध, विजेचा दाब उतरला तरी तो फारसा बदलत नाही. दाब १८० व्होल्टवर आला, तर प्रवाहही घटतो आणि शक्ती जेमतेम १२२५ वॅट उरते. दाब घटला बावीस टक्के, उष्णता मात्र जवळजवळ एकोणचाळीस टक्के! पाणी तापायला इतका वेळ का लागतो, ते इथे कळतं.

मला जास्त काळजी वाटते ती सैल प्लगची. तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने पस्तीसहून अधिक वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्तीतलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, हे लक्षात घ्या. प्लग गरम लागला, जळका वास आला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.