जोड्याचा तळ



छत्तीस वर्षें मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविलेल्या मास्तरानें आज जोड्यांवर भाषण करावें, याचें आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं येईल. तें येऊं द्यावें. परंतु ही गोष्ट जोड्यापासून निघून शाळेपर्यंत जाते, म्हणून ती सांगण्याचा मला थोडासा अधिकार आहे असें मी समजतों.

माझ्याजवळ काळ्या चामड्याच्या बुटांचा एक जोड आहे. मुलगा मुंबईस नोकरीला लागला तेव्हां पहिल्या पगारांतून त्यानें तो मला घेऊन दिला. आमचें नांदगांव कणकवली तालुक्यांत, देवगड-निपाणी रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जेथें छेदतो तेथें वसलेलें आहे. अशा गांवीं बूट घालण्याचे प्रसंग येणार तरी किती? दोन झेंडावंदनें, दोनचार लग्नें, एखादा निरोपसमारंभ. एरव्हीं आपली वहाण बरी. त्यांतून कोंकणचा पाऊस! वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत कोसळणाऱ्या या पावसांत चामड्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी येते.

म्हणून कित्येक गृहस्थ चामड्याच्या वाटेस न जातां सांच्यांत ओतलेल्या हलक्या तळाचे बूट घेतात. त्यांची कथा आणखी विचित्र. पॉलियुरेथेन नांवाच्या पदार्थाचा तो तळ हवेंतील बाष्पानें आंतल्या आंत विघटित होत जातो, आणि कपाटांत जपून ठेवलेला बूट एके दिवशीं पायांत घालतांच शिळ्या नानकटाईसारखा भुरभुरतो. आमच्या एका शेजाऱ्यांच्या बुटाचा तळ तर मुलीच्या लग्नांत, व्याह्यांना सामोरे जातांना, मांडवाच्या दारांतच उतरला!

चांगल्या बुटाची रचना निराळी असते. वरचें चामडें आणि आंतला तळवा यांना धरून कडेनें चामड्याची एक अरुंद पट्टी शिवलेली असते. तिला वेल्ट म्हणतात. जमिनीला टेंकणारा बाहेरचा तळ, म्हणजे सोल, या पट्टीला दुसऱ्या शिवणीनें जोडतात. तळ झिजला कीं ही दुसरी शिवण उसवावी आणि नवा तळ शिवावा. वरच्या चामड्याला सुईचा स्पर्शहि होत नाहीं. पूर्वीं हें सारें हातानेंच चाले. रबर पक्कें करण्याची युक्ति काढणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या त्याच नांवाच्या मुलानें १८७१ च्या सुमारास या कामासाठीं यंत्र प्रचारांत आणलें, आणि त्या बांधणीला आजहि त्यांचेंच नांव आहे.

हें ज्ञान मला पहिल्या वेळीं नव्हतें. तळ झिजला तेव्हां मीं बूट मोठ्या शहरांतील एका झगझगीत दुकानांत दिले. तेथें यंत्रावर घांसतांना डाव्या बुटाची ती पट्टीच चार बोटें कापली गेली, आणि खालीं रबर चिकटवून मला बूट परत मिळाले. पहिल्याच पावसांत तें रबर कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढूं लागलें.

एका स्नेह्यांनीं कोल्हापुरांतील एका वृद्ध कारागिरांचा पत्ता दिला. फोंडाघाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून एस.टी.नें मी तेथें गेलों. बाभळीच्या सालीनें आणि हिरड्यानें कमावलेलें चामडें आणि चामड्याच्याच वादीची शिवण, ही कोल्हापुरी चपलेची ख्याति आपण जाणतांच. २०२५ सालीं त्याच घाटाचे सँडल इटलीच्या प्राडा कंपनीनें मिलान येथें मांडले, तेव्हां झालेला गलबलाहि आपण वाचला असेल. माझें काम मात्र बुटाचें होतें. मामांनीं, सगळे त्यांना मामाच म्हणतात, बूट वांकवून पाहिला, आंत बोटें फिरविलीं आणि म्हणाले, “गुरुजी, जोडा चांगला हाय. वैद्य वाईट मिळाला.”

दोन दिवस मी कोल्हापुरांत राहिलों व बराच वेळ त्यांच्यासमोर बसून होतों. प्रथम त्यांनीं बुटांत लांकडी फर्मा घातला, म्हणजे आकार हलत नाहीं. रापीनें रबर सोडविलें. कापल्या गेलेल्या पट्टीच्या जागीं नवा तुकडा जोडतांना दोन्ही टोंकें अशीं तासलीं कीं सांधा बोटाला लागेना. आणि शिवण जुन्याच भोंकांतून काढली. नवें भोंक पाडलें तर चामडें टपाल-तिकिटासारखें फाटतें, असें ते म्हणाले. तळवा आणि तळ यांच्यामधला बुचाचा भुगा नवा भरला. तळाचें जाड चामडें पाण्यांत भिजवून, अर्धवट सुकवून, लोखंडावर हातोडीनें ठोकून ठोकून घट्ट केलें. मग शिवण. आरीनें एक भोंक पाडावयाचें आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याचीं दोन टोंकें समोरासमोरून त्यांतून ओढावयाचीं. अशा शिवणींत एक टांका तुटला तरी शेजारचा सुटत नाहीं. शेवटीं कडा कांचेच्या तुकड्यानें खरवडून मेणानें घोटल्या.

चौदाशें रुपये झाले. मास्तरकीची संवय वाईट, मी म्हणालों, “मामा, हजारांत नाहीं का जमणार?”

ते रागावले नाहींत. “चामड्याचं येगळं, दोऱ्याचं येगळं. हाताचं काय द्यायचं ते तुमीच सांगा.”

विषय बदलावा म्हणून मीं विचारलें, हें काम मुलगा शिकला आहे काय? नाहीं म्हणाले. तो पुण्यास एका गोदामांत हिशेब लिहितो. “शाळंतलं गुरुजी म्हणायचं, शीक, न्हाईतर बापावानी जोडं शिवत बसशील. पोरानं ऐकलं.” यांत तक्रारीचा सूर नव्हता, गुरुजींनीं भलेंच केलें, असाच त्यांचा भाव होता.

ते गुरुजी मी नव्हतों. पण वाक्य माझेंहि होतें. किती वर्षें, किती वर्गांत तें मीं उच्चारलें, याची गणती नाहीं. आणि समोरच्या बांकांवर कोणाकोणाचीं मुलें बसलेलीं होतीं, तें मला ठाऊक होतें. दर २ ऑक्टोबरला मी गांधीजींची गोष्ट सांगत असें: १९१४ सालीं दक्षिण आफ्रिका सोडतांना त्यांनीं स्वतः शिवलेला सपातांचा जोड जनरल स्मट्स यांस भेट दिला, आणि १९३९ सालीं, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानें, स्मट्स यांनीं तो आदरानें परत पाठविला. ही गोष्ट सांगून झाल्यावर आठवड्याच्या आंत तें वाक्यहि माझ्या तोंडून जात असे.

मीं चौदाशें रुपये दिले. मामांनीं बजावलें कीं, भिजल्यास उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवूं नका. आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून सांवलींत सुकवा. प्लास्टिकच्या पिशवींत तर कधींच बांधूं नका. आणि कोंकणांत नेतां आहांत, तर महिनाभर वापरून मग खालीं पातळ रबर लावून घ्या.

२६ जानेवारीला ते बूट घालून मी शाळेंत गेलों. झेंडावंदन झाल्यावर चौथींतल्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, नवे बूट?” मीं व्हरांड्यांत बसून एक बूट काढला आणि उलटा करून त्याला शिवण दाखविली. त्याला टांके मोजावयाचे होते. एका कडेचे मोजून झाले, तोंच खाऊ वांटण्यासाठीं रांगेची घंटा झाली.