इफ्तारनंतरची ताटं

(कारेगाव, ता. शिरूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुमच्यातले निम्मे रांजणगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आलात, काहींना रात्रपाळी गाठायचीय. त्यामुळे हिमनद्या वितळण्याचं वगैरे लांबचं काही बोलत नाही. गेल्या रमजानमध्ये आपण काय केलं, तेवढंच बोलतो.

रोज साधारण दीडशे माणसं इफ्तारला असायची. माणशी पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या धरल्या तर रोजच्या 300, महिन्याच्या 9,000. शिवाय थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे चमचे, सरबताचे कप. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. प्लास्टिकची ताटं, कप, चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. तरी बाजारात मिळतात, म्हणून आपण आणले. वर्गणी सवाबसाठी काढलेली, आणि खर्च बंदीच्या मालावर! फजरनंतर तो ढीग मोकळ्या प्लॉटवर पेटवला जायचा. प्लॉटला लागून भाड्याच्या खोल्या आहेत. बिहारची, यूपीची, मराठवाड्याची कुटुंबं तिथं राहतात. त्यांची लहान पोरं त्या धुरात जागी व्हायची. काडी लावणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

घरातल्या जुन्या माणसांना विचारा. कितीतरी गावांत जमातीची स्वतःची भांडी असायची. तांब्याच्या डेगा, ताटं, पेले. लग्न असो की चाळिसावा, भांडी न्यायची, धुऊन परत द्यायची. कल्हईवाल्याचंही त्यावर पोट चालायचं. मग डिस्पोजेबल आलं आणि भांडी माळ्यावर गेली. का? कारण धुणार कोण, हा प्रश्न होता. आजवर त्याचं उत्तर अम्मी आणि खाला एवढंच होतं. म्हणून बायकांनी डिस्पोजेबलचं स्वागत केलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. ताटं परत आणायची तर ती आपण पोरांनी घासायची. हे मान्य नसेल तर पर्यावरणाचं नाव काढू नका.

कुणी म्हणेल, उन्हाळ्यात पाणी कुठंय? बरोबर आहे. नळ सोडून धुवायचं नाहीच. खरकटं आधी पुसून काढायचं, एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. दुसऱ्यातलं पाणी झाडांना. प्यायला वीस लिटरचे जार आणि स्टीलचे पेले. नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकलीय. ती वजूपुरतीच आहे का?

ज्या बाटल्या येतीलच, त्या तरी खरकट्यात टाकू नका. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढं ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. या कष्टकऱ्यांचं गणित साधं आहे. कोरडी बाटली विकली जाते, बिर्याणीत लडबडलेली बाटली म्हणजे नुसती मेहनत. चिप्सच्या चकचकीत पुड्यांना तर भंगारात भावच नसतो. त्यापेक्षा खजूर सुटे घ्या, भजी कागदात बांधून घ्या.

आता मोबाइल. पगार झाला की हप्त्यावर नवा फोन, हे मी रोज पाहतो. जुन्याची फक्त बॅटरी उतरलेली असते. ती बदलून दोन वर्षं निघतात. रिपेअरिंगच्या टपऱ्यांवर आपलीच पोरं बसलेली असतात, पैसा गावात राहतो. वरच्या कंपनीला काय वाटेल, याची काळजी आपण का करावी? बंद पडलेला फोन आणि फुगलेली बॅटरी मात्र साध्या भंगारात देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर सगळ्यात आधी जाळणाऱ्या पोराच्या छातीत जातो. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो गेला पाहिजे. महिन्यातून एकदा सगळ्यांचा गोळा करून एकानं नेऊन दिला तरी चालेल.

दीडशे ताटं, दोनशे पेले, चार टब. मंडपवाल्याकडून भाड्यानं घ्यायचे की वर्गणीतून विकत, याचा हिशोब मी कागदावर आणलाय. धुण्याची पाळी सहा-सहा जणांची. पहिल्या दिवशी माझं नाव लिहिलंय. खाली पाच जागा रिकाम्या आहेत, पेन इथं ठेवतो.