‘उमर झाली’ हे निदान नाही

मला ‘ज्येष्ठांचं आरोग्य’ असा विषय दिलाय. बीपी-शुगर मोजायला आपण शिकलो, म्हणून त्यावर बोलत नाही. मी बोलणार आहे उदासीवर आणि विसरण्यावर.

‘लासी’ हे देशव्यापी सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं. साठीपुढच्यांना लक्षणं विचारली, तेव्हा ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केलंय, असं सांगणारे होते ०.८ टक्के. दहापट फरक!

आपल्या घरांत याचं एक कारण भाषेचं आहे. दादी ‘नैराश्य’ म्हणत नाही, ‘डिप्रेशन’ही नाही. ती म्हणते, ‘दिल घबराता’, ‘नींद नइं आती’, ‘हातपाव में जान नइं’. सोबत गेलेला नातू डॉक्टरांना मराठीत सांगतो, ‘अशक्तपणा आहे.’ सलाइन लागतं, दोन दिवस बरं वाटतं. यापुढे तिचं वाक्य जसंच्या तसं सांगा. आणि किती दिवसांपासून, तेही.

विसरण्याचंही तसंच. नैराश्यात लक्ष लागत नाही, आठवण मंदावते. उपचारानं ती बऱ्याचदा सुधारते. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता यांनीही असं होतं. ऐकू कमी येणारा माणूस तर नुसताच विसराळू वाटतो. स्मृतिभ्रंश वेगळा, तो वाढत जातो. कधी दोन्ही एकत्रही असतात. हा फरक घरबसल्या कळत नाही. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आहे. तिथं मानसोपचार विभागात न्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर मोफत आहे.

‘सब्र करा, नमाज पढा’ असं आपण पटकन म्हणतो. इबादतीचा आधार मोठा, मी नाकारत नाही. पण हजरत याकूब (अ.) यांची युसूफच्या दुःखात दृष्टी गेली, आणि कुरआन त्यांना बेसब्र म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात लेकरं गमावलेल्या तरुण आया आज साठीपुढे आहेत. त्यांना सब्र शिकवणारे आपण कोण?

मागे टेबलावर ज्येष्ठांच्या नैराश्याच्या चाचणीचे पंधरा हो-नाही प्रश्न ठेवलेत. त्यानं निदान होत नाही, डॉक्टरकडे जायला हवं का, एवढं कळतं. विचारताना मुलगा-सून समोर नकोत. ते असले की दादी प्रत्येक प्रश्नाला ‘अल्लाह का शुकर है’ म्हणते.